नोकरी सुटली, कार्ड बदलले आणि आठवड्यातून तीनदाचे डायलिसिस

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका गावचे हे प्रकरण जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे आले. बेळगावात आम्ही काही जण रुग्णांच्या नातेवाइकांना कागदपत्रांसाठी मदत करतो. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसे योजना मिळत नाही म्हणून येतात. या कुटुंबाची अडचण वेगळी होती. त्यांना मोफत उपचारांचे दोन हक्क मिळालेले होते. त्यांपैकी एक संपला आहे असे त्यांना वाटत होते, पण तो संपलेला नव्हता. दुसरा चालू आहे असे वाटत होते, पण तो दीड महिन्यापूर्वीच बदलला होता. या दोन गैरसमजांच्या मधल्या काळात आईचे आठवड्याला तीनदा होणारे डायलिसिस आधी दोनदा आणि शेवटी एकदाच होऊ लागले होते. ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. तारखा आणि रकमा मात्र घडल्या तशाच दिल्या आहेत, कारण या प्रकरणाचा सगळा गुंता तारखांमध्येच आहे.

घरात विधवा आई, वय ५८. मुलगा, वय ३१. सून आणि शाळेत जाणारी नात. दोन एकर भातशेती. वडील असताना शेती आणि मजुरी यांवर घर चालत असे आणि त्या काळचे बीपीएल रेशन कार्ड आईच्या नावे होते. मुलगा २०२१ मध्ये बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, लागला. पगार वाढत वाढत १६,५०० रुपयांपर्यंत गेला. पगारपत्रकावर दरमहा ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) १२४ रुपये कपात दिसत असे, म्हणजे पगाराचे पाऊण टक्का; मालकाचा वाटा सव्वातीन टक्के. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला हा विमा लागू होतो आणि त्यात त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही येतात. मार्च २०२४ मध्ये आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले, तेव्हा या १२४ रुपयांचा अर्थ घराला पहिल्यांदा कळला. ईएसआयच्या शिफारशीवर करारबद्ध रुग्णालयात डायलिसिस सुरू झाले, हातावर फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) झाला आणि पाच महिने औषधासाठीही खिशात हात घालावा लागला नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये फाउंड्रीत ऑर्डर घटल्या आणि अकरा जणांना कमी केले गेले. त्यांत हा मुलगा होता. शेवटचा पगार घेताना त्याला तोंडी सांगण्यात आले की आता ईएसआय बंद. त्याने ते खरे मानले आणि पुढच्या आठवड्यापासून आईला दुसऱ्या एका खाजगी रुग्णालयात बीपीएल कार्डावर नेऊ लागला. आयुष्मान भारत आणि आरोग्य कर्नाटक या एकत्रित योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा बराचसा भाग असाच गेला.

डिसेंबरच्या सुरुवातीला रुग्णालयाच्या खिडकीवर रेशन कार्डाचा क्रमांक टाकल्यावर संगणकाने कुटुंब एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचे, असल्याचे दाखवले. एपीएल कुटुंबाला ही योजना पूर्णपणे नाकारत नाही, पण ठरलेल्या दराच्या फक्त ३० टक्के रक्कम देते, तीही वर्षाला दीड लाखांपर्यंतच. उरलेले ७० टक्के रुग्णाने भरायचे. घरातले आयुष्मान कार्ड तेच होते, त्यावरचा फोटो तोच होता. त्यामुळे खिडकीवरच्या माणसाची चूक झाली आहे असे मुलाला वाटले आणि त्याने पैसे भरून पावत्या जपून ठेवल्या, पुढे परत मिळतील म्हणून. दोन आठवड्यांत आईची बोरमाळ मोडली. त्यानंतर एक दिवसाआड होणारे डायलिसिस चार दिवसांवर आणि मग आठवड्यावर गेले. ते आमच्याकडे आले तेव्हा आईंचे, म्हणजे आमच्या मावशींचे, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले होते आणि रात्री आडवे झाले की दम लागतो म्हणून त्या भिंतीला टेकून झोपत होत्या. बोलता बोलता त्या सारख्या डाव्या हाताच्या फिस्टुलावर बोट ठेवून पाहत. तिथली थरथर लागते की नाही हे तपासायला त्यांना परिचारिकेने शिकवले होते. सगळ्या कागदांपेक्षा त्यांचा विश्वास त्या थरथरीवर जास्त होता आणि तो रास्तच होता.

कार्ड का बदलले, हे शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभर बीपीएल कार्डांची छाननी झाली आणि मोठ्या संख्येने कार्डे रद्द झाली किंवा एपीएलमध्ये गेली. त्यावर गदारोळ झाल्यावर आयकर भरणारे आणि सरकारी नोकर वगळता इतरांची कार्डे पूर्ववत करण्याचे सरकारने जाहीर केले. या घराचे कार्ड पूर्ववत झाले नव्हते. मुलाने २०२३ च्या जुलैमध्ये घराच्या छपरासाठी कर्ज काढले होते. कर्ज मंजूर व्हायला सोपे जाईल म्हणून एजंटाने त्याच्या नावे आयकराचे विवरणपत्र भरले होते. करापोटी त्याने एक रुपयाही भरलेला नव्हता. पण विवरणपत्र भरणे आणि कर भरणे यांतला फरक छाननीत नेहमीच पाहिला जातो असे नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे, कारण ती झाकून हे प्रकरण नीट समजणार नाही. कर्नाटकात बीपीएल कार्डासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख वीस हजार रुपये आहे. फाउंड्रीतला पगार चालू होता त्या वर्षांत हे घर त्या मर्यादेच्या वर होते. म्हणजे कार्ड बदलण्याचे जे कारण दाखवले गेले ते चुकीचे असले, तरी त्या काळापुरता निकाल नियमाला सोडून नव्हता. अन्याय झाला तो वेळेचा. पगार होता तेव्हा कार्ड बीपीएल राहिले, आणि नोकरी जाऊन घर खरोखरच मर्यादेखाली आले तेव्हा ते एपीएल झाले. सरकारी नोंदी माणसाच्या परिस्थितीमागून वर्ष-दीड वर्षाने चालत येतात. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यावे लागणाऱ्या रुग्णाला तेवढी वाट पाहता येत नाही.

कार्ड बदलल्याचे घरात कुणालाच दीड महिना कसे कळले नाही, हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारला. फोनवर एक संदेश आला होता, तो कन्नडमध्ये होता. मावशींना कन्नड बोललेले थोडे कळते, पण वाचता येत नाही आणि मुलगा मराठी शाळेत शिकलेला. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागातील शेकडो गावांत हेच चित्र आहे. त्यावरच्या जुन्या वादात येथे शिरत नाही. एवढेच म्हणतो की रुग्णाच्या हक्काची सूचना त्याला वाचता येईल अशा भाषेत यावी, ही मागणी आरोग्याची आहे. पण भाषेपेक्षाही मोठी दिशाभूल गृहलक्ष्मी या राज्य सरकारच्या योजनेच्या पैशाने केली. घराची यजमानी, म्हणजे कुटुंबप्रमुख स्त्री, म्हणून मावशींच्या खात्यावर दोन हजार रुपये जमा होत राहिले आणि आठशे रुपयांचे विधवा वेतनही येत राहिले. पैसे येतात त्या अर्थी कार्ड शाबूत आहे, असे त्यांनी धरून चालले. मुळात गृहलक्ष्मी एपीएल घरांनाही मिळते. ती स्त्री स्वतः किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल तरच अडते, मुलाच्या विवरणपत्राने अडत नाही. विधवा वेतनाची नोंदवही तर संपूर्ण वेगळी. म्हणजे ज्या दोन हक्कांवर कार्डाच्या बदलाचा परिणाम होणारच नव्हता, ते दोन चालू असल्याने घर निर्धास्त राहिले. जो तिसरा हक्क, तांदूळ, खरोखर थांबला होता, त्याचे कारण त्यांनी भलतेच लावले. रेशन दुकानात कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा लागत नाही हे नेहमीचेच. त्यामुळे दुकानदार पुढच्या महिन्यात या म्हणाला, तेव्हा तेही त्यातच जमा झाले.

आम्ही पहिले काम केले ते ईएसआयचे आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचे मर्म तिथेच आहे. नोकरी सुटली की ईएसआयचे उपचार त्याच दिवशी बंद होतात, हा समज कामगारांत इतका पक्का आहे की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटतच नाही. प्रत्यक्षात या विम्याचे वर्ष दोन वर्गणी-काळांत विभागलेले असते: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्या काळात भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जून या काळात मिळतो, तर दुसऱ्याचा १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात. एका वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर त्याच्याशी जोडलेला लाभ-काळ संपेपर्यंत वैद्यकीय हक्क राहतो, मग मधल्या काळात नोकरी असो वा नसो.

हा हिशेब या मुलाला लावून पाहा. ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ तो पूर्ण कामावर होता, म्हणून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतचा हक्क पक्का. एप्रिल ते ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे ७८ पेक्षा कितीतरी जास्त दिवस भरले होते, म्हणून १ जानेवारी ते ३० जून २०२५ चाही हक्क पक्का. म्हणजे ज्या आठवड्यांत बोरमाळ मोडली, त्या आठवड्यांतही ईएसआयचे डायलिसिस मावशींच्या हक्काचे होते. हे त्याला कागदावर तारखा मांडून दाखवले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पाकिटातून ईएसआयचे ओळखपत्र काढले. त्याने ते फेकले नव्हते, हे नशीब. त्यावरचा दहा अंकी विमा क्रमांक हातात असल्यामुळे पात्रतेची खातरजमा त्याच दिवशी झाली.

एक अडचण मात्र उभी राहिली आणि ती आमच्या भागाची खास आहे. आधार कार्डावर मावशींच्या नावाच्या शेवटी ‘बाई’ आहे. फाउंड्रीने ईएसआयमध्ये नाव नोंदवताना कुणीतरी ते ‘व्वा’ केले होते. एकाच बाईला माहेरी मराठीत एक नाव, बाजारात कन्नडमध्ये दुसरे, हे सीमाभागात इतके स्वाभाविक आहे की त्यात काही चुकले आहे असे गावात कुणाला वाटणार नाही. मार्च ते ऑगस्ट हे कुणी पाहिले नव्हते. पाच महिन्यांच्या खंडानंतर नव्याने शिफारसपत्र काढताना ते अडले. प्रतिज्ञापत्र, आधार आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडून दुरुस्तीचा अर्ज शाखा कार्यालयात दिला, आणि दुरुस्ती होईपर्यंत रुग्णाचे उपचार अडवू नयेत अशी लेखी विनंती वेगळ्या कागदावर केली. ही दुसरी विनंती फार महत्त्वाची ठरली. एकाच अर्जात दोन्ही मागण्या असत्या, तर नावाचा निकाल लागेपर्यंत उपचारांचा कागदही त्याच फायलीत पडून राहिला असता. चौथ्या दिवशी शिफारसपत्र मिळाले. त्या आठवड्यात मावशींचे डायलिसिस तीनदा झाले आणि पुढच्या आठवड्यात त्या आडव्या होऊन झोपू लागल्या.

बेरोजगार झालेल्या विमाधारकाला सरासरी वेतनाच्या ५० टक्के दराने जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनाही ईएसआयमध्ये आहे. तिचाही अर्ज त्याच फेरीत भरून घेतला.

आता हातात ३० जूनपर्यंत सहा महिने होते, आणि त्या मुदतीत घराला पुन्हा बीपीएलमध्ये आणायचे होते. मुलगा आता मिळेल तेव्हा वीटभट्टीवर आणि हंगामात दुसऱ्याच्या शेतात जात होता. उत्पन्न मर्यादेच्या बरेच खाली होते. पण नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढलेला उत्पन्नाचा दाखला पाच वर्षे चालतो, आणि या घराचा २०२२ चा दाखला फाउंड्रीच्या पगाराचा होता. तो मुदतीत असल्यामुळे प्रत्येक अर्जात तोच पुढे येई. मुदत लांब असणे एरवी सोयीचे असते. उत्पन्न घटलेल्या घराला तीच सोय मारक ठरते. तहसीलदारांकडे अर्ज देऊन, फाउंड्रीकडून सेवामुक्तीचे पत्र आणून आणि गावात चौकशी करवून नवा दाखला मिळेपर्यंत एप्रिल उजाडला. फाउंड्रीचे पत्र मिळवायला तीन खेपा झाल्या. कामावरून कमी करताना कामगाराला असे पत्र हातात द्यावे एवढी साधी गोष्ट झाली असती, तर दोन महिने वाचले असते.

त्यानंतर अन्न व नागरी पुरवठा खात्यात अर्ज दिला. वैद्यकीय निकड असलेल्या घरांच्या कार्डांना प्राधान्य देण्याची सोय खात्यात आहे. तिचा उपयोग व्हावा म्हणून रुग्णालयाचे पत्र जोडले. त्या पत्रात ‘मूत्रपिंडाचा विकार’ एवढेच असून भागत नाही, हे आम्ही अनुभवातून शिकलो आहोत. ‘आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस आवश्यक, खंड पडल्यास जिवाला धोका’ असे स्पष्ट शब्द डॉक्टरांकडून लिहून घेतले. विवरणपत्राबाबत वेगळे निवेदन दिले आणि देय कर शून्य असल्याचा त्याच विवरणपत्रावरचा रकाना अधोरेखित केला. सध्याची पात्रता सध्याच्या उत्पन्नावर मागितली. मागचे कार्ड बरोबर होते असा दावा केला नाही, कारण तो खरा नव्हता आणि त्याची गरजही नव्हती.

दरम्यान गावातल्या काहींनी महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा मार्ग सुचवला. महाराष्ट्र सरकारने ही योजना सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषिकांना लागू केली आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्यावरून दोन्ही राज्यांत बरीच खडाजंगीही झाली होती. आम्ही तो मार्ग नाकारला नाही, पण डायलिसिससाठी निवडलाही नाही. बेळगावहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून दूर, आणि डायलिसिसनंतर मावशींना सव्वीस किलोमीटरचा खानापूरचा बसप्रवासही सोसवत नाही. एखादी मोठी शस्त्रक्रिया उद्भवली तर एकदा जाऊन यायला तो मार्ग विचारात घेण्यासारखा आहे, असे मुलाला सांगून ठेवले. आपल्या भावना कुठल्याही बाजूला असोत, आठवड्यात तीन खेपा करायच्या आहेत म्हटल्यावर जवळचे रुग्णालय हाच निकष उरतो.

३० जून आला तेव्हा कार्डाचा निकाल लागलेला नव्हता. त्या तारखेनंतर खंड पडणार हे मे महिन्यातच दिसू लागले होते. म्हणून आम्ही जिल्हा रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात अडचण आधीच मांडून ठेवली होती आणि जुलैच्या पहिल्या दिवसापासून तिथे जागा मागितली होती. शेवटच्या दिवशी गेलो असतो तर प्रतीक्षा यादीत मागे पडलो असतो. मधले दोन आठवडे तिथेच निघाले, एकही डायलिसिस चुकले नाही. १६ जुलैला कार्ड पुन्हा बीपीएल झाले. या वेळी घरात संदेशाची वाट पाहिली नाही. सून स्वतः ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात गेली, कार्डाचा प्रकार पडद्यावर पाहिला आणि त्याची छापील प्रत घेऊन आली. आता दर महिन्याच्या एक तारखेला ती हे करते. आधार आणि रेशन कार्डावरच्या नावांतला फरकही तिनेच त्याच केंद्रातून दुरुस्त करवून घेतला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मच्छे येथील दुसऱ्या एका फाउंड्रीतून मुलाला काम आले, पगार १७,००० रुपये. तो आमच्याकडे आला तो हाच प्रश्न घेऊन: काम घेतले तर कार्ड जाणार, नाही घेतले तर घर कसे चालणार? काम सोड असे आम्ही सांगणे शक्य नव्हते आणि उत्पन्न लपव असे सांगणे तर नाहीच. काम घ्यायचे, पण ईएसआयची नोंद पहिल्याच दिवशी करून घ्यायची, हे ठरले. विमा क्रमांक आयुष्यभर एकच असतो. नव्या कारखान्याने घाईत नवा क्रमांक काढला तर जुन्या नोकरीची सगळी वर्षे दुसऱ्याच खात्यात राहतात. कुटुंबीयांच्या डायलिसिससारख्या अतिविशेष उपचारांसाठी ईएसआय आधीची नोकरी आणि वर्गणीचे दिवस मोजते, त्यामुळे ही वर्षे जोडलेली असणे फार गरजेचे आहे. मावशींचे डायलिसिस ईएसआयमधून कोणत्या तारखेपासून मिळेल, हे त्याने शाखा कार्यालयातून लेखी घ्यायचे आणि ती तारीख येईपर्यंत बीपीएलवरचे डायलिसिस थांबवायचे नाही. पगारामुळे उत्पन्न मर्यादेवर जाईल तेव्हा कार्डाची माहिती आपणच खात्याला द्यायची, मात्र ईएसआयची शिफारस हातात आल्यावर, म्हणजे दोन्ही हक्कांच्या मध्ये मोकळा दिवस राहणार नाही.

त्या दिवशी जाताना त्याने आपला दहा अंकी विमा क्रमांक आमच्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतला. पुढच्या वेळी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तो कागद भिंतीवरच्या दिनदर्शिकेला टाचणीने लावलेला होता. शेजारी सोमवार, बुधवार आणि शुक्रवारच्या चौकटींत मावशींनी हळदीच्या बोटाने एकेक ठिपका लावला होता. त्या महिन्यात एकही चौकट सुटलेली नव्हती.